पाण्याचा कठीणपणा नळाला १५०, बोअरला ५६०, गावाकडच्या विहिरीला ३१०: एवढा फरक का, आणि घरात नेमकं काय बसवावं?

दगडी_आड (लातूर)

नमस्कार मंडळी. घर लातूर शहराच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये. नळाला मांजरा धरणाचं पाणी येतं, पण पाच-सहा दिवसांआड. बाकी सगळा कारभार ३२० फुटांच्या बोअरवर. गावाकडं, औसा तालुक्यात, ४५ फुटांची विहीर आहे. तिन्ही पाणी मे महिन्यात प्रयोगशाळेतून तपासून घेतलं. एकूण कठीणपणा (मिग्रॅ/लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात): नळ १५०, विहीर ३१०, बोअर ५६०.

बोअरचा पूरा रिपोर्ट असा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७६०, कॅल्शियम ११२, मॅग्नेशियम ६८, अल्कलिनिटी ३४०, क्लोराइड १३०, सल्फेट ९६, नायट्रेट ३८, फ्लोराइड ०.६, सोडियम ४३.

गिझरचं एलिमेंट टिकत नाही, शॉवरची भोकं बुजतात, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. एक जण म्हणतो अख्ख्या घराला सॉफ्टनर (कठीणपणा काढणारं मशीन) लावा, दुसरा म्हणतो पाइपावर चुंबक लावा, काम फत्ते. पंचवीस किलोमीटरच्या आत पाणी एवढं कसं बदलतं, आणि पैसे कशावर घालावेत?

मुरूमखडक (भूजल)

रिपोर्ट चांगला आहे, आधी तो वाचून घेऊ. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात आणायला कॅल्शियम ११२ गुणिले २.५ म्हणजे २८०. मॅग्नेशियम ६८ गुणिले ४.१२ म्हणजे २८०. बेरीज ५६०, म्हणजे रिपोर्ट स्वतःशी जुळतो. जुळत नसेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवावा. अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, ३४० आहे, म्हणून ५६० पैकी ३४० हा तात्पुरता कठीणपणा (बायकार्बोनेटचा) आणि उरलेला २२० कायमचा (क्लोराइड, सल्फेट, नायट्रेटसोबतचा). भारतीय मानक १०५०० नुसार २०० पर्यंत स्वीकार्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मर्यादा. तुमचं बोअर त्या काठावर आहे.

आता फरक का. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर (बेसाल्ट), म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. बेसाल्टच्या खनिजांतच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. पाऊस मातीतून झिरपताना मुळांचा आणि कुजणाऱ्या पाल्याचा कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक विरघळवतं. त्यात काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे असतात, खडकाच्या पोकळ्यांत पांढरे कॅल्साइट-झिओलाइट भरलेले असतात. म्हणून पाणी जमिनीखाली किती दिवस राहिलं आणि कुठून फिरून आलं, यावर आकडा ठरतो.

विहिरीचं पाणी मुरमातलं असतं. दर पावसाळ्यात नवं येतं, जुनं वाहून जातं. ३२० फुटांचं बोअर दोन-तीन थरांच्या फटींतलं मिसळलेलं पाणी देतं, ते मुरलेलं असतं. धरणाचं पाणी बहुतांश पावसाचं वाहतं पाणी, त्याला खडकाचा सहवासच थोडा. म्हणून मांजरा असो, छत्रपती संभाजीनगरला येणारं जायकवाडी असो की नांदेडचं विष्णुपुरी, नळाचं पाणी त्याच गावच्या बोअरपेक्षा सहसा हलकं, म्हणजे कमी कठीण असतं. उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की बाष्पीभवनाने त्याचाही आकडा चढतो.

जागेचा हिशोब वेगळा. बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्याकडे पाणी मुरतं, तिथं ते हलकं. उतरत उतरत गोदावरी, मांजरा, पूर्णेच्या खोऱ्यात आलं की क्षार गोळा झालेले. कालव्याखालच्या सखल, निचरा नसलेल्या शिवारात आणखी भर पडते: पाणी वर येतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. आणि गावठाणातल्या आडाला गोठा, उकिरडा, शोषखड्डा यांचा पाझर लागला की नायट्रेट-क्लोराइड चढतं, सोबत कायमचा कठीणपणाही. तुमचं नायट्रेट ३८ आहे, मर्यादा ४५ आणि तिला सूट नाही. नव्या प्लॉटिंगमध्ये ड्रेनेज लाइन नसते, घरोघरी सेप्टिक टँक असतात. त्यावर लक्ष ठेवा, कठीणपणापेक्षा ते महत्त्वाचं.

म्हणून "लातूरचं पाणी किती जड?" या प्रश्नाला उत्तर नाही. एका गल्लीतल्या दोन बोअरमध्ये दुपटीचा फरक निघतो, कारण एकाला वरची फट लागली आणि दुसऱ्याला खालची. शेजाऱ्याच्या रिपोर्टवर मशीन घेऊ नये. मेचा आकडा एक आणि दिवाळीनंतरचा दुसरा, दोन्ही हाताशी ठेवा. मशीन मेच्या आकड्यावर.

नमुना घेताना वरच्या टाकीतून घेऊ नका. टाकीत कार्बन डायऑक्साइड उडतो, थोडा चुना तळाला बसतो, आकडा कमी येतो. बोअर दहा मिनिटं चालू द्या, लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, हवा न ठेवता काठोकाठ भरा, त्याच दिवशी पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते.

एक खुलासा, कारण इथं दर वेळी गल्लत होते. खारपाणपट्टा म्हणतात तो विदर्भातल्या पूर्णेच्या काठचा, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडचा. आपली पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते. तिथले खारेपणाचे आकडे इकडच्या बोअरला लावू नका.

रेझिनवाला

चुंबकाचं आधी संपवतो. चुंबक किंवा पाइपाला गुंडाळलेली तार पाण्यातलं कॅल्शियम काढत नाही. मशीनच्या आधीचं आणि नंतरचं पाणी थेंबांच्या किटने तपासा, दोन्हीकडे ५६० च येणार. विकणारा टीडीएस मीटर दाखवून बोलत असेल तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. टीडीएस मीटर कठीणपणा मोजतच नाही. आणि सॉफ्टनरनंतरही टीडीएस कमी होत नाही, कारण कॅल्शियम जाऊन त्याच्या जागी सोडियम येतं.

आता सॉफ्टनर अख्ख्या घराला का लावू नये, ते गणिताने. घरात पाच माणसं, दिवसाला १,००० लिटर धरू. ५६० मिग्रॅ म्हणजे लिटरला ०.५६ ग्रॅम, दिवसाला ५६० ग्रॅम. सॉफ्टनरमधलं २५ लिटर रेझिन (कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडणारे बारीक मणी), घरगुती मिठाच्या मात्रेवर लिटरला साधारण ५० ग्रॅम धरतं, म्हणजे एका भरणीत १,२५० ग्रॅम. सव्वादोन दिवसांत रेझिन थकलं. प्रत्येक पुनर्भरणाला (मिठाच्या पाण्याने रेझिन परत ताजं करायला) रेझिनच्या लिटरमागे १५० ग्रॅम मीठ, म्हणजे ३.७५ किलो. महिन्याला चौदा वेळा केलं तर ५० किलोच्या वर मीठ, आणि दर वेळी दीडशे-दोनशे लिटर खारं पाणी गटारात. पाण्याची ओढाताण असलेल्या भागात हे न परवडणारं.

तेच मशीन फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनला लावा. वापर ३०० लिटर, भार १६८ ग्रॅम, सात दिवस चालेल. सहाव्या दिवशी पुनर्भरण ठेवा. महिन्याला १९ किलोच्या आसपास मीठ. संडास, अंगण, गाडी धुणं यांना ५६० चं पाणी चालतंच की.

त्याहून स्वस्त उपाय तुमच्या दारात आहे. नळाचं पाणी १५० चं. सहा दिवसांआड आलं तरी ३०० लिटर रोज म्हणजे १,८०० लिटर साठवण. दोन हजारची वेगळी टाकी, तिच्यातून स्वयंपाकघर, गिझर, वॉशिंग मशीन. बोअरची टाकी वेगळी, बाकी सगळं तिच्यावर. दोन लाइन एका ठिकाणी जोडायच्याच असतील तर दोन्हीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर बोअरचं पाणी नळाच्या टाकीत शिरतं आणि महिनाभर कळतही नाही. नळ हुकला तर निम्मं बोअर मिसळा, ३५५ चं पाणी होईल, गिझरला ५६० पेक्षा बरं. माझं मत विचाराल तर आधी प्लंबर, मग मशीन.

तरी सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर या चुका टाळा.

दाब. गच्चीवरच्या टाकीचा दाब जेमतेम ०.३ किलो. व्हॉल्व्हमधला इजेक्टर मिठाचं पाणी ओढायला साधारण दीड-दोन किलो मागतो. दाब नसला की मीठ टाकीत तसंच राहतं आणि लोक म्हणतात "मशीन मीठ खात नाही". प्रेशर पंप लावा, किंवा मशीन बोअरच्या मोटारीच्या लाइनवर ठेवा.

मीठ. जाडं खडा मीठ स्वस्त पडतं, पण त्यात माती असते आणि स्वतःचं कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, म्हणजे ज्याला काढायचं तेच परत भरायचं. बारीक टेबल मीठ टाकीत दगड होऊन बसतं. गोळ्यांचं किंवा धुतलेलं शुद्ध मीठ घ्या.

गाळ. नव्या बोअरचं पाणी गढूळ येतं. आधी वाळूचा फिल्टर, निदान २० मायक्रॉनचं काडतूस. लोह असेल तर रेझिन तपकिरी पडतं, ताकद घटते.

शून्यावर आणू नका. अंग निसरडं लागतं, साबण सुटत नाही असं वाटतं. बायपासचा नळ थोडा उघडा ठेवा. ५६० चं १०० करायचं तर साधारण १८ टक्के कच्चं पाणी.

पिण्याला मात्र नको. १०० मिग्रॅ कठीणपणा काढला की लिटरला ४६ मिग्रॅ सोडियम चढतं, ५६० चे पूर्ण काढले तर २५८. आधीचं ४३ धरलं तर ३०० होतं. रक्तदाबवाल्यांना ते नकोच. कुंड्यांना आणि काळ्या मातीला तर मुळीच नाही. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा बंद पडतो, जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते. पुनर्भरणाचं खारं पाणी शोषखड्ड्यात सोडलंत तर ते तुमच्याच बोअरकडे जाईल.

दगडी_आड (लातूर)

दोन टाक्यांचं पटलं, जागा आहे. आता जे खराब झालंय त्याचं काय? गिझर १५ लिटरचा आहे. आणि कूलरच्या ताट्या एका उन्हाळ्यात सिमेंटसारख्या होतात. डाळीला सोडा घालणं योग्य का?

पाना_पक्कड

गिझरमध्ये थर कुठं आणि का बसतो ते लक्षात घ्या. तापवल्यावर बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडतो, कॅल्शियम कार्बोनेट एलिमेंटवर बसतं. ६० अंशांच्या वर वेग वाढतो. थरातून उष्णता बाहेर जात नाही, एलिमेंट आतल्या आत जास्त तापून फुटतं. म्हणून पहिला उपाय फुकटचा: थर्मोस्टॅट ५० वर आणा. इन्स्टंट गिझर या पाण्यावर घेऊ नका, थोड्या जागेत जास्त वॅट असल्याने तो आधी जातो.

साफ करताना एमसीबी पाडा, नुसतं बटण बंद नको. इनलेट कॉक बंद, गरम नळ उघडा, खालून पाणी काढा. फ्लँजचे (एलिमेंट बसवलेल्या झाकणाचे) बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने सैल करा. नवं गॅस्केट आधीच आणून ठेवा, जुनं परत बसवलं की पंधरवड्यात गळती. टाकीतला सुटा चुना हाताने काढा. एलिमेंट खरवडू नका. लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात, बादलीत एलिमेंट बुडवून तास-दीड तास. फेस थांबला आणि थर उरला तर नवं द्रावण करा, जुन्यात ताकद नसते. उकळतं पाणी घेऊ नका, कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पांढरा साका परत चिकटतो. संडासात घालतात ते ॲसिड कधीच नाही, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक भोकं पडतात. एलिमेंटशेजारची मॅग्नेशियमची कांडी पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला, टाकी तिच्यामुळे टिकते.

सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका. चुन्याने तो जाम झाला की टाकीचा दाब सुटायला वाट राहत नाही. खटका वर्षातून दोनदा उचलून पाहा, पाणी यायला हवं. न उचलणारा व्हॉल्व्ह बदलायचाच.

सोलर बसवणार असाल तर बोअरच्या पाण्यावर तांब्याच्या नळ्यांचा चपटा पॅनल नको, बारीक नळ्या आतून भरतात आणि उघडता येत नाहीत. काचेच्या नळ्यांचा घ्या, नळी काढून धुता येते.

शॉवर आणि नळाची जाळी रात्रभर त्याच द्रावणात. पण द्रावण शहाबादी किंवा कडप्प्यावर सांडू देऊ नका. ते दगड चुन्याचेच, डाग पडला की सहज निघत नाही. आपल्याकडे निम्म्या मोऱ्या शहाबादीच्या, म्हणून मुद्दाम सांगतो.

कूलर. पाणी उडून जातं, क्षार उडत नाही. दिवसाला ५० लिटर उडालं तर ५६० च्या हिशोबाने २८ ग्रॅम, तीन महिन्यांत अडीच किलो ताट्यांवर. उपाय म्हणजे पाणी सोडत राहणं. ५० लिटर उडतं तिथं २५ लिटर रोज काढून टाकलं तर टाकीतला कठीणपणा तिपटीच्या आसपास थांबतो. रोज जमत नसेल तर दोन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, ते पाणी संडासला वापरा. नुसतं वरून भरत राहणं हीच खरी चूक. नळाचं पाणी उरत असेल तर कूलरला आधी द्या. हनीकॉम्ब पॅड खरवडू नका, सौम्य लिंबूसत्वात भिजवून उलट्या बाजूने पाणी मारा. गवताच्या ताट्या सरळ बदला.

डाळीचं असं की कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतीतल्या पेक्टिनला (पेशी जोडून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला) धरून ठेवतं, दाणा मऊ पडत नाही. चिमूटभर खायचा सोडा चालतो, पण जास्त झाला की चव जाते आणि ब जीवनसत्त्व मरतं. नळाच्या पाण्यात भिजवा आणि त्याच पाण्यात शिजवा, सोडा लागणारच नाही. नाहीतर बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून निवू द्या, वरचं ओतून घ्या, त्याने तात्पुरता ३४० निघून जाईल, २२० उरेल. तुरटी फिरवली तरी चालते.

मुरूमखडक (भूजल)

शेवटच्या दोन वाक्यांना हरकत. उकळून ३४० चे ३४० जात नाहीत. खाली बसतं ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि या पाण्यात कॅल्शियमचा वाटाच २८० आहे. मॅग्नेशियमचं कार्बोनेट उकळून नीट बसत नाही. हाती ३०० च्या आसपास किंवा थोडं वरच राहील. डाळीला तेवढं पुष्कळ, पण २२० समजू नका.

तुरटीने तर कठीणपणा कमी होतच नाही. ती गढूळपणा बसवते आणि अल्कलिनिटी खाते, म्हणजे तात्पुरत्यातला थोडा भाग कायमच्यात ढकलते. वर सल्फेट वाढतं ते वेगळंच.

कपड्यांसाठी तुरटीऐवजी धुण्याचा सोडा. १५ लिटरच्या बादलीत ८.४ ग्रॅम कठीणपणा आहे. साध्या साबणाने धुतलं तर फेस यायच्या आधीच ५० ग्रॅम साबण त्यात वाया जातो, तोच राखाडी साका कपड्यावर दिसतो. कोरडा धुण्याचा सोडा ९ ग्रॅम, खड्यांचा असेल तर २४ ग्रॅम, आधी पाण्यात विरघळवून दहा मिनिटं थांबा, मग साबण. खायचा सोडा इथं चालत नाही.

सीमेवरचा_हापसा (देगलूर)

आमच्याकडं उलटं आहे. हापशाचं पाणी १४० भरलं, साबणाला फेस भरपूर. म्हणजे आम्ही निवांत?

मुरूमखडक (भूजल)

नाही, फ्लोराइड तपासल्याशिवाय नाही. देगलूर, बिलोली आणि किनवटच्या बाजूला बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, फ्लोराइड देणारी खनिजं त्यात असतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याच्यासोबत खाली बसतं. कॅल्शियम कमी असलं की ते पाण्यातच राहतं. हलकं पाणी आणि जास्त फ्लोराइड ही जोडी म्हणून दिसते. स्वीकार्य १.०, कमाल १.५ मिग्रॅ. बेसाल्टातल्या खूप खोल बोअरलाही हे लागू: खाली कॅल्शियमची सोडियमशी अदलाबदल होते, फेस चांगला येतो, पण टीडीएस चढलेला असतो. फ्लोराइड उकळून जात नाही, सॉफ्टनरनेही जात नाही. पिण्यापुरतं आरओ किंवा दुसरा स्रोत.

दगडी_आड (लातूर)

पिण्याला आरओ आम्हालाही सुचवला होता. नळाचं पाणी आहे तर गरज आहे का? आणि पावसाचं पाणी धरावं का?

रेझिनवाला

नळाच्या १५० ला आरओ नको. क्लोरीन आणि गाळासाठी कार्बन-काडतूस, जंतूंसाठी यूव्ही एवढं बास. आरओला बोअरचं ५६० दिलं तर मेम्ब्रेनवर (पाणी गाळणाऱ्या पडद्यावर) थर चढतो, धार बारीक होते. ती वाढावी म्हणून मेकॅनिक फ्लो रिस्ट्रिक्टर (वाया पाण्याची वाट आवळणारा तुकडा) छोटा घालतो, वाया पाणी कमी दिसतं आणि मेम्ब्रेन आणखी लवकर मरतं.

पाऊस जरूर धरा. त्याचा कठीणपणा शून्याजवळ. १०० चौरस मीटर गच्ची, ६०० मिमी पाऊस आणि वीस टक्के नुकसान धरलं तरी ४८,००० लिटर. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, मग जाळी आणि वाळूतून नव्या दोन हजारच्या टाकीत. ती भरली की जास्तीचं गाळून बोअरला. अंगणातलं किंवा रस्त्यावरचं गढूळ पाणी बोअरमध्ये कधीही नको, फटी बुजतात आणि नायट्रेट आत जातं.

कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट घ्याच. प्रयोगशाळेतली पद्धतही तीच: ५० मिली पाणी, बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग दाखवणारं रसायन), मग ०.०१ मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरणारं द्रावण) थेंब थेंब, लालसर जांभळ्याचा निळा होईपर्यंत. लागलेले मिली गुणिले २०. तुमच्या बोअरला २८ मिली लागतील. उन्हाळ्यात टँकर घेतलात तर प्रत्येक टँकर टाकीत उतरवायच्या आधी मोजा, कारण तो कोणत्या विहिरीवर भरला ते कुणी सांगत नाही. ४०० च्या वर निघाला तर बोअरच्या टाकीत घ्या, नळाच्या नाही.